चहाचा आग्रह

नांदेडच्या एका कापूस कंपनीत रामलिंग तपासनीस होता. कंपनी ज्यांचा कापूस घेते त्यांच्या शेतात जाऊन, वेचणीला लेकरं जुंपलीत का, फवारणीवाल्याला हातमोजे दिलेत का, हे तो बघायचा. ज्याची तपासणी, त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा नियम त्यानंच साहेबांच्या मागं लागून करून घेतला. आधीचे तपासनीस चहापाण्यावर विरघळायचे ना!

पण मुखेडकडं दारी आलेल्यानं चहा नाकारला, की त्या घराला नावं ठेवल्यासारखंच. "आमच्या कपात काय किडं पडलेत का?" एक म्हातारी फणकारली होती. आधी लोकांनी आग्रह केला, मग ते रुसले. आता तर त्याची गाडी दिसली तरी कुणी चहाचं आधण ठेवत नाही.

यंदा त्याच्या मेव्हण्याचा, म्हणजे बहीण उज्वलाच्या नवऱ्याचाही कापूस कंपनीला जाऊ लागला. भाऊबीजेला उज्वलानं भावाला ओवाळलं, सगळ्यांना आल्याचा चहा दिला आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"तुला चालत न्हाई ना, दादा," ती मायेनं म्हणाली.

"हाव," म्हणत रामलिंग पाणी प्यायला. तिनं दिला असता तरी त्यानं चहा घेतला नसताच. पण एकदा तरी तिनं "घे" म्हणायचं होतं.