प्रधानाची सवय

माझे वडील दशावतारात प्रधान व्हायचे. कधी ऋषी, कधी दूत, कधी शापाने मरणारा म्हातारा. पण बहुतेक वेळा प्रधानच. कार्तिकात कंपनीबरोबर बाहेर पडायचे ते वैशाखात घरी यायचे. वीस वर्षांत राजाचं बाकडं, म्हणजे नाटकातलं सिंहासन, एकदाही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. मला याचा भारी राग यायचा. शाळेत पोरी 'प्रधानाचा चेडू', प्रधानाची पोर, म्हणून चिडवायच्या, ते आणखी वेगळंच.

"बाबा, तुमका राजाचो पार्ट कधी गावतलो?" मी विचारायची.

"राजा बोलता तो कोणीतरी विचारता म्हणान," ते म्हणायचे.

तसं ते खरंही होतं. दशावताराला वही नसते. दुपारी मालक कथा सांगून सोंगं वाटून देतो. पुढचं ज्याचं त्याने आपल्या मनाने बोलायचं. राजा अडखळला की बाबा असा काही प्रश्न टाकायचे की त्याची गाडी पुन्हा सुरळीत सुटायची. टाळ्या राजाला, आणि हे हात जोडून बाजूला उभे!

मग एका साली आमच्याच गावच्या जत्रेत राजा करणाऱ्याचा घसा बसला. मालक बाबांना म्हणाले, "आज राजा तू. जमला तर पुढेय तूच." बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत. मी मात्र साऱ्या वाडीत दवंडी पिटून आले.

गॅसबत्तीच्या उजेडात किरीट घालून बाबा बाकड्यावर बसले. असे शोभत होते की मला रडूच आलं. प्रधान होता खारेपाटणकडचा एक नवा गडी. तो पुढे आला, मुजरा केला, आणि त्याची दातखीळच बसली. समोर अख्खा गाव. पखवाजवाला नुसताच थापा मारत राहिला.

अशा वेळी राजाने आपलं भाषण ठोकायचं असतं. आयती संधी होती. पण बाबा पुढे झुकले आणि म्हणाले, "प्रधानजी, राज्यात पीकपाणी कसं आहे?"

गडी शेतकऱ्याचा. त्याला कंठ फुटला. तरवा, लावणी, डुकरांनी नासलेलं भात, बोलतच सुटला. लोक हसून लोळले. बाबा विचारत राहिले, तो बोलत राहिला.

मालकांना तो गडी भारी आवडला. पुढच्या जत्रेपासून राजा तो झाला आणि बाबा त्याचे प्रधान.

गावाने बाबांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. वैशाखात ते घरी आले तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताटात वाढलेलं उचलून दुसऱ्याला दिलं, याला काय म्हणायचं? पुढे मोठी झाले, लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेले, तेव्हा राग ओसरला आणि मीही अभिमानाने ही गोष्ट सांगू लागले. एकदा माहेरी आले असताना नवऱ्याला सांगत होते. बाबांनी ऐकलं आणि मला मागीलदारी बोलावलं.

"मोठेपणा खंयचो गो?" ते हळूच म्हणाले. "माका राजा होवचा होता. लय होवचा होता. तो गप रवलो आणि माझ्या तोंडातसून प्रश्न गेलो. वीस वर्षांची सवय. मगे थांबवूकच येयना."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"घराक येवन रडलंय," ते म्हणाले. "आणि तूय आठ दिस माझ्याशी बोलूक नाय."