दोन बोटांची गाठ

गेममधलं मला सगळं कळतं, असं आमच्या घरात मानलं जातं. ही अफवा मीच पसरवली. गोव्यात, पेडण्याजवळच्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मी पॅकिंगला आहे. पहिली पाळी संपवून खोलीवर आलो की दुपारी तीनपासून जगाला अक्कल शिकवायला मोकळा. इंटरनेटवर माझं एक मराठी पान आहे. येऊ घातलेल्या पण कुणाचं लक्ष नसलेल्या गेमांची यादी मी तिथे दर महिन्याला टाकतो. वाचणारे थोडे आहेत, पण भांडकुदळ आहेत. मला तसेच आवडतात.

मतं माझी पहिल्यापासून ठाम. कन्सोल म्हणजे टीव्हीखाली बसलेला मिजासखोर डबा. पूर्वी निदान त्यात डिस्क घालायची, खेळून झाली की मित्राला द्यायची. आता काही डब्यांना डिस्कची फटच ठेवलेली नाही. म्हणजे घेतलेला गेम दुकानदाराच्या मर्जीवर तुमच्या घरात राहणार, आणि त्याची मर्जी फिरली की एका सकाळी गायब होणार. वर्गणीवाले शंभर गेम पुढ्यात वाढतात आणि एकही धड पचू देत नाहीत. आणि ते इंटरनेटवरून थेट गेम खेळवणारे, त्यांनी एकदा पेडण्यात येऊन दाखवावं. इथे पाऊस जरा जोरात लागला की शेजारच्या वाड्यात फोन लागत नाही.

खरा काय तो पीसी. आणि मोबाईल? त्याला मी मोजतच नव्हतो. ‘मोबाईल म्हणजे जाहिराती, जुगार आणि बसची वाट बघणाऱ्यांचा टाइमपास’ असं वाक्य मी माझ्या पानाच्या माथ्यावरच लिहून ठेवलं होतं. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या होत्या. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून आठवतो, आणि स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते.

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. वडील खाणीवर टिपर चालवायला डिचोलीत आले, खाणी बंद पडल्या, टिपर गंजले, आम्ही तिथल्या नार्वे गावातच राहिलो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, वेली बांधतात. तिला इथे माटोळी म्हणतात, आमच्या गावाकडे माटवी. आमच्याकडे ती वडील बांधायचे आणि आई खालून एकेक जिन्नस वर द्यायची. वडील गेल्यावर आई स्वतःच स्टुलावर चढली. मग तिचे गुडघे गेले आणि ते काम माझ्या धाकट्या बहिणीकडे आलं. मी चवथीच्या आदल्या दिवशी पाळी करून पोचायचो, तोपर्यंत सगळं टांगून झालेलं असायचं.

ही बहीण डिचोलीत एका दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करते. उरलेल्या वेळात ती गेम करायला शिकली, मला न सांगता. एका रविवारी मी घरी गेलो तर आई बाहेर बलकांवात, म्हणजे ओट्यावर, फोन अगदी नाकाशी धरून बसली होती. फोनवर एक डोंगर होता, अर्धा हिरवा आणि अर्धा खाणीने खाल्लेला, तळाशी लाल पाण्याचा खड्डा. डोंगरावर फिरून माटोळीचं सामान हुडकायचं, आणि मग ते चौकटीला बांधायचं. बांधताना एका बोटाने फळ दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने दोर फिरवायचा. दोर नीट बसला तर फोन हलकेच थरथरायचा. नाही बसला तर फळ खाली पडायचं.

आई बांधत होती. स्टुलावर न चढता, कितीतरी वर्षांनी बांधत होती.

“कांगलां टोकाक नको गो,” ती बहिणीला रानफळांच्या जागा सांगत होती, “तां मधी होया. टोकाक घागरे बांध, वाऱ्यान वाजतत.” बहीण वहीत लिहून घेत होती. गेममध्ये तेव्हा सातच जिन्नस होते. सातवा बांधला की पडद्यावर अक्षरं यायची: ‘बाकीचं रान लवकरच.’

गेम चांगला होता. मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं की चांगला आहे. आणि म्हणूनच मला तो सुधारायची खाज सुटली.

“आईसाठी करतेस की लोकांसाठी?” मी विचारलं.

“दोगांसाठी. कित्या?”

“मोबाईलवर टाकलास तर दोन जाहिरातींच्या मध्ये चेंगरून मरेल. कोण बघणार? पीसीवर आण. तिथली माणसं गेमला गेम म्हणून बघतात.”

“पण दादा, गाठ बोटांनीच बसता. माऊसान कशी बसतली?”

“एक बटण दे. दाबलं की गाठ. हाय काय नि नाय काय!”

तिने तेही वहीत लिहिलं. मी मोठा, आणि मला सगळं कळतं. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं, पण आमच्या घरात गेमच्या बाबतीत माझ्याशी कुणी भांडत नाही.

पुढची दोन वर्षं तिने तो गेम उलटापालटा केला. माझा जुना पीसी मी तिला दिला आणि त्याबद्दल स्वतःचं मनसोक्त कौतुक करून घेतलं. डोंगर मोठा झाला, जिन्नस सत्तरच्या वर गेले, त्यातल्या प्रत्येकाचं नाव आईच्या आवाजात होतं. फोनचं काम तिने सोडून दिलं, दोन्ही सांभाळणं एकट्या माणसाला शक्य नव्हतं. आईच्या फोनमध्ये तेवढी ती जुनी सात जिनसांची फाइल राहून गेली. मग ऑनलाइन दुकानात गेमचं पान लागलं: ‘लवकरच येत आहे’. तसली पानं तिथे रोज ढिगाने लागतात. कुणीतरी बोट दाखवल्याशिवाय माणसं थांबत नाहीत.

बोट दाखवणं हाच तर माझा धंदा होता. पण तिचा गेम मी यादीत घेतला नाही. घरचा म्हणून वशिला लावला, असं कुणी म्हटलं असतं तर? माझ्या निःपक्षपातीपणाला डाग लागला असता. त्या महिन्यात मी सगळ्यात वर कुणा परदेशी माणसाचा, पडकं दीपगृह दुरुस्त करण्याचा गेम ठेवला. त्याने मशीनने भाषांतर केलेल्या मराठीत माझे आभार मानले. माझे वाचक तिकडे धावले. बहिणीने ती यादी वाचली आणि पसंतीचा अंगठा दिला. तो अंगठा मला मोठेपणाचा वाटला, म्हणजे माझ्या.

तिचा गेम एका मंगळवारी आला आणि बुडाला. बुडताना आवाजसुद्धा झाला नाही. शेरे मोजकेच आले, त्यातले बरेचसे तिच्या दुकानातल्या मैत्रिणींचे. ज्या गावाचा, ज्या बायकांचा तो गेम होता त्यांच्यापैकी कुणाच्या घरी पीसी नव्हता. सगळ्यांकडे फोन होते. मामीने बहिणीला विचारलं, “माझ्या मोबाईलार कसो घालूचो तो?” बहिणीने सांगितलं, “मामी, तो मोबाईलार नाय चलना.” मामी “बरां” म्हणाली आणि चहा प्यायला लागली.

मग एका अनोळखी माणसाचा शेरा आला. त्याने लिहिलं होतं की रान सुंदर आहे, आवाज सुंदर आहेत, पण गाठ मारायची आणि ती बटणाने? हा खेळ बोटांसाठी जन्माला आलेला वाटतो, तो फोनवर का आणला नाही?

सवयीने मी त्याला झोडपायला बसलो. मोबाईलवर लांबलचक लिहिलं, जाहिराती, जुगार, सगळं. तिसऱ्या परिच्छेदात माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं फोनवर दोन बोटांनी लिहितो आहे. मी ते पुसलं. मग पानाच्या माथ्यावरचं ते वाक्यही पुसलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी बहिणीला म्हटलं, “जुनी फोनची फाइल परत उघड. मी मदत करतो.”

ती पत्रिकेवरचा मोर सरळ करत होती. “आता नाय,” ती म्हणाली. “आता माका त्या फळांची नावांय आयकाक नको.”

म्हटलं, यादीत तरी घेतो. पण यादी येऊ घातलेल्या गेमांची असते, आणि तिचा तर येऊन गेला होता. तो नियमही मीच केलेला. मग नियम मोडून घेतलाच. चार जणांनी अंगठे दिले, आणि एकाने खाली विचारलं, मोबाईलवर आहे का.

यंदा चवथीला मी आधी रजा घेऊन गेलो. बहीण स्टुलावर होती, केवणीच्या सालीचा दोर दातात धरून. मी खाली, जिन्नस द्यायला. आई शेजारी खुर्चीत तिचा जुना फोन घेऊन बसली होती. तो ती बदलू देत नाही, काच तडकली आहे तरी. दर वर्षी माटोळीच्या दिवशी ती ते सात जिन्नस बांधते. एकेका गाठीला फोन थरथरतो आणि ती स्वतःशीच “हां” म्हणते.

सातवा बांधून झाला. तिने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली आणि वर बघून बहिणीला विचारलं, “बाकीचां रान कधी येतलां गो?”

बहिणीने दोर दातातून काढला. खाली बघितलं नाही. “दादाक इचार,” ती म्हणाली. “त्येका सगळां कळता.”

मी नारळांची पेंड, म्हणजे घोस, वर धरून उभा होतो. बहिणीने ती घेतली, बोटाने दाबून धरली, दुसऱ्या बोटाने दोर फिरवला आणि पुढच्या जिनसासाठी हात खाली केला.

आई फोन माझ्याकडे वळवून थांबली होती. “मगे?” ती म्हणाली. “कधी रे?”