चोरमिस्त्री

आमच्या मिस्त्रींना आपलं एकही काम कुणाला दाखवता आलं नाही. बाकीचे सुतार नव्या गिऱ्हाइकाला हिंडवून आणतात, तो दरवाजा माझा, तो पलंग माझा असं सांगतात. मिस्त्री नुसते उभे राहत. फारच खोदून विचारलं तर म्हणत, "माहं काम तुमाले दिसलं असतं, तं ते माहं कायचं?" भिंतीत लपलेली दारं आणि त्या दारांमागच्या खोल्या, एवढंच ते करत. बघणाऱ्याला भिंत दिसायची, नाहीतर भांड्यांची मांडणी. खुंटी पिळली, एखादी फळी दाबली, की ती भिंत आवाज न करता मागे सरकायची. तिरोड्यापासून गोंदियापर्यंत त्यांना चोरमिस्त्री म्हणत. ज्यांना माहीत नव्हतं ते नाव ऐकून दचकत. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या बायकोला वाटे. "आमच्या घरी कोनी चोर नाही," ती सांगायची, "आमी चोराचे दुश्मन आहो."

मिस्त्री गेल्या वर्षी वारले, मुलाकडे, रायपूरला. मला आठ दिवसांनी कळलं.

तिरोड्यात माझं प्लायवूड आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मिस्त्रींचा सगळा माल माझ्याकडून जायचा. बिजागरी निवडायला त्यांना अर्धा दिवस लागे. प्रत्येक बिजागरी कानाशी धरून हलवत. इतर गिऱ्हाइकं ताटकळायची आणि मी चिडायची. "मिस्त्री, बिजागरी आहे, ट्रान्झिस्टर नाही." ते शांतपणे म्हणत, "बोलून राहिली ताई ही. दुसरी द्या, मुकी." कोणाच्या घरचं काम आहे हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बोलण्यात घरं नसत, फक्त मापं असत. एकदा मीच म्हटलं, दुकानातही एक चोरकप्पा करून द्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले कायले पायजे? तुमच्या पोटात तं कायीच रायत नाही." दुकानातले सगळे हसले. कप्पा झाला नाही.

काम संपत आलं की भर दुपारी ते घराची सगळी दारं-खिडक्या उघडायला लावत आणि स्वतः त्या नव्या खोलीत शिरून आतून दार ओढून घेत. अंधारात बसून फटी शोधत. सुईएवढा उजेड आला तरी रंधा पुन्हा हातात. पण ती त्यांची स्वतःची तपासणी झाली. खरी परीक्षा सायत्रामावशी घ्यायच्या.

सायत्रामावशी म्हणजे त्यांची बायको. सालेकशाकडच्या जंगलातल्या गावची, अंगानं काटक, शाळेचं तोंड न पाहिलेली. काम झालं की मिस्त्री तिला मोपेडवर मागे बसवून गिऱ्हाइकाच्या घरी नेत. दार कुठल्या भिंतीत आहे ते सांगत नसत. मावशी चपला बाहेर काढायच्या, पदर खोचायच्या आणि कोपऱ्यापासून सुरुवात करायच्या. तळवा भिंतीवर सपाट ठेवून हळूहळू पुढे. मग बोटाच्या पेरानं टकटक. मग चक्क नाक लावून वास, कारण नव्या लाकडाचा आणि सरसाचा वास भिंतीला नसतो. घरात चहा उकळून कपात येईपर्यंत त्यांना दार सापडलं, तर मिस्त्री नापास. दुसऱ्या दिवशी सगळं उचकटायचं. गोंदियाच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी मिस्त्रींना लागोपाठ तीनदा नापास केलं. व्यापारी वैतागला. "अरे भाई, चोर क्या तुम्हारी बीवी को साथ लेके आएगा?" मिस्त्री म्हणाले, "नाही आनत. पन बुढीले सापडलं तं मले झोप नाही लागत." चौथ्या वेळी मावशींनी सगळी भिंत पालथी घातली, हात झटकले आणि म्हणाल्या, "पास. चला घरी." पास झालं की त्या चहालाही थांबत नसत. चपला पायात, मोपेडवर बसून मोकळ्या.

अलीकडे तरुण लोक यायला लागले होते. मोबाईलवर कुठंतरी पुस्तकांच्या कपाटामागची खोली पाहिलेली, तशी हवी. गोंदियाच्या एका जोडप्याला मिस्त्रींनी ती करून दिली. महिनाभरात गावातल्या निम्म्या लोकांनी ती पाहिली. येईल त्या पाहुण्याला नवराबायको कपाट सरकवून दाखवत आणि फोटो काढत. त्यांनीच मला दुकानात कौतुकानं सांगितलं. मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "दाखवाचंच होतं, तं लपवलं कायले?"

चार वर्षांपूर्वी एका घरी मावशींनी परीक्षेला सुरुवात केली आणि लगेच थांबल्या. स्वयंपाकघराच्या साध्या दारावर टकटक करून म्हणाल्या, "हे धरलं." कडीकोयंडा असलेलं, सताड उघडं दार. घरचे हसले, मिस्त्रीही हसले. दुसऱ्या दिवशी दुकानात मला सांगताना मात्र हसले नाहीत. मी म्हटलं, मावशींचं वय झालं, त्यांना चष्मा करून द्या. चष्मा झाला. मग नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार असंही सांगितलं.

चैत्रात मावशी घरातून निघून जाऊ लागल्या. पहाटे टोपली घ्यायची आणि चालू पडायचं. लहानपणी त्या मोहफुलं वेचायला जात, तिकडे निघालेल्या. "माय वाट पाहून राहिली," म्हणत. माय जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मिस्त्रींचं घर स्टेशनच्या मागं, आणि सालेकशाला गाडीनं जातात एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं. म्हणून त्या रुळांच्या मधून चालत. पहिल्यांदा सिग्नलपाशी सापडल्या. दुसऱ्यांदा रेल्वेच्या माणसांनी आणून सोडलं. कोळशाची मालगाडी त्यांच्यापासून दोन खांबांवर येऊन थांबली होती. टोपलीत रुळावरची खडी भरलेली.

मुलानं फोनवर सांगितलं, कुलूप लावा. मिस्त्रींनी लावलं. मावशींनी दार ठोकायला सुरुवात केली. दिवसभर ठोकत. तळवे सुजले, एका हाताचं नख गेलं. मिस्त्री माझ्याकडे मलमपट्टी विचारायला आले, जणू हार्डवेअरच्या दुकानात मलम मिळतं. बसले आणि म्हणाले, "कुलूप काढलं तं रुळावर जाते. लावलं तं हात फोडते. काय करू, ताई?"

मी तेव्हा एका गिऱ्हाइकाला स्क्रू मोजून देत होते. मान वर न करता म्हटलं, "त्यांना दार दिसतं म्हणून त्या ठोकतात. दिसलंच नाही तर? तुम्ही एवढ्या लोकांची दारं लपवलीत, घरचं एक लपवा."

सल्ला माझा होता, हे इथं स्पष्ट लिहिते.

मिस्त्री उठले, दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "हे काम मले येते, ताई. येते म्हनूनच भेव लागून राहिलं."

त्यांनी मावशींना पंधरा दिवस बहिणीकडे ठेवलं आणि घराचं पुढचं दार आतून लपवलं. माल मी दिला. खिडकी होती तशी ठेवली, मागचं परस उंच भिंतीचं होतं, तेही ठेवलं. पुढच्या दारावर आतून प्लाय, त्यावर चुन्याचा निळा हात, भिंतीच्या रंगात रंग, त्यावर कालनिर्णय आणि देवाचा फोटो. अडचण एकच होती. मिस्त्रींच्या साऱ्या युक्त्या मावशींच्या हातांना पाठ होत्या. खुंटी, फळी, कोनाडा, सगळं. म्हणून या वेळी त्यांनी कळ खाली जमिनीलगत बसवली, पायाच्या अंगठ्यानं दाबायची. मावशी कधी पायानं शोधत नसत. मी बघायला गेले, त्यांनी मला आत घेऊन दार लावलं, आणि खरं सांगते, मागे वळल्यावर मी कुठून आले ते मला कळेना. मी म्हटलं, "मिस्त्री, असं काम जन्मात पाहिलं नाही." ते म्हणाले, "पाहू बी नये."

मावशी परत आल्या. दार नव्हतं. ठोकणं बंद झालं. हात बरे झाले. माझा सल्ला बरोबर निघाला, मावशी पुन्हा रुळावर गेल्या नाहीत.

त्या शोधू लागल्या. सकाळी चहा झाला की पदर खोचायच्या आणि कोपऱ्यापासून तळवा फिरवायला सुरुवात. टकटक. वास. त्यांना वाटे, आपण गिऱ्हाइकाच्या घरी आलोय आणि मिस्त्रींचं काम तपासायचंय. सगळी भिंत झाली की मिस्त्रींकडे वळून खूश होऊन म्हणायच्या, "यंदा बेस काम केलं तुमी. पास. चला आता घरी."



"काय सांगू, ताई?" ते मला विचारत. "थांब म्हनतो, जेवून जाऊ म्हनतो. संध्याकाळ होते, ते पदर पसरून रडते. लोकाच्या घरी किती दिवस रायचं म्हनते." सामान आणायला बाहेर पडायचं तर ते मावशी परसात जाईपर्यंत थांबत, मग घाईनं कळ दाबून निघत. "माह्याच घरातून मी चोरावानी निघतो." एका सकाळी त्यांनी ठरवून तिला मोपेडवर बसवलं, गावाला वळसा घातला, चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत नेलं आणि त्याच घरी परत आणलं. "हे घे, आलं घर." मावशींनी आत पाऊल टाकलं, चपला बाहेर काढल्या आणि पदर खोचला.

मी तेव्हा त्यांना सांगितलं, मिस्त्री, सवय होईल त्यांना. हेही बरोबर निघालं.

आश्विनात, धान पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, दुपारी त्यांचा फोन आला. मिस्त्री कधी फोन करत नसत. एवढंच म्हणाले, "ताई, ते आता शोधून नाही राहिली." मला वाटलं, बरं झालं. तसं म्हणणारही होते. पण त्यांचा आवाज ऐकून दुकान मुलीवर टाकलं आणि गेले.

अंगणात प्लायचे तुकडे पडले होते. निळा रंग तसाच, कालनिर्णय उलटं पडलेलं. मिस्त्रींनी सगळं उचकटून काढलं होतं आणि जुनं दार सताड उघडं होतं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे स्टेशनची भिंत, सगळं घरातून दिसत होतं. मावशी खाटेवर बसल्या होत्या, हात मांडीवर, तळवे वर. आठ दिवस त्या भिंतीकडे गेल्या नव्हत्या. पास म्हणाल्या नव्हत्या, चला घरी म्हणाल्या नव्हत्या. ताट दिलं तर जेवत, नाही दिलं तर मागत नसत.

मिस्त्री उंबऱ्यावर बसले होते. हातात पटाशी तशीच. "सायत्रा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "सायत्रा, जाय ना. हे पाय, उघडं आहे. मोहाले जाय. मी येतो तुह्या मागं मागं, नाही अडवत. पटरीवरून चाल, मी येतो संगं. उठ ना."

मावशी रस्त्याकडे पाहत राहिल्या. ऊन खाटेपर्यंत आलं होतं. मिस्त्री उठून तिच्याजवळ गेले, तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं, चपला तिच्या पायाशी ठेवल्या. तिनं चपलांकडे पाहिलं, पायात घातल्या नाहीत, वळली आणि खाटेवर जाऊन बसली. मिस्त्री पुन्हा उंबऱ्यावर, आता तोंड बाहेर करून. त्यांचे खांदे हलत होते.

तेवढ्यात मावशींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाई आहे एवढं कळत होतं. हळू आवाजात, पुरुषांना ऐकू जाऊ नये तशा बेतानं म्हणाल्या, "दार लावून घे वो, बाई. लोकाईचं घर आहे. कुत्रं शिरते."

मिस्त्रींनी ऐकलं. उठले नाहीत. मग मी त्यांना दंडाला धरून आत घेतलं, आणि दार लावलं.