लीराने हाळी दिली नाही

रेवदंड्याच्या खाडीकाठी, खारबांधाच्या आतल्या अंगाला वसलेल्या एका लहान गावात कृष्णाबाई राहतात. त्यांनी साठी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, बसले की उठवत नाही. परंतु रविवारी संध्याकाळी 'अंतिम तळ' सुरू होण्याची वेळ झाली की त्यांना गुडघ्यांची आठवण राहत नसे. देवापुढे दिवा लावून, पदर खोचून त्या दूरचित्रवाणीच्या अगदी समोर बसत.

'अंतिम तळ' ही परदेशी मालिका. तिचे संवाद मराठीत करून ती दाखवत असत. एका परक्या ग्रहावर माणसांनी तळ बांधला आहे. भोवती उंच तट आहे आणि तटाला एकच दरवाजा आहे. बाहेर विषारी वारा असतो. त्या वाऱ्याला भरतीसारखे उधाण येते, आणि उधाण आले की तो दरवाजा वरून खाली पाडून बंद करावा लागतो. तळाची प्रमुख लीरा नावाची एक करारी बाई आहे. सहाव्या भागात वाऱ्याला अवेळी उधाण आले. लीराने दरवाजा पाडला, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ टोरन बाहेर राहिला. तो परत आला नाही.

त्या दिवसापासून ही मालिका पाहणाऱ्यांत दोन तट पडले. लीराने अवघा तळ वाचवला, तिचे बरोबरच, असे काही म्हणत. सख्ख्या भावावर दार लावणारी बहीण कसली, असे बाकीचे म्हणत. कृष्णाबाईंचे मत या दोन्हींहून वेगळे होते. दरवाजा पाडायलाच हवा होता, यात त्यांना शंका नव्हती. परंतु पाडण्याआधी लीराने हाळी दिली नाही, हा तिचा अपराध होता.

हे मत त्यांनी हवेतून काढले नव्हते. त्यांचे वडील अंबाजी हे मोठ्या बांधाच्या उघाडीवर होते. उघाडी म्हणजे बांधातले पाण्याचे दार. पावसाचे पाणी त्यातून खाडीत सोडायचे, आणि उधाणाची भरती चढू लागली की फळ्या टाकून ते बंद करायचे. नाहीतर खारे पाणी भातात शिरते. बांधाबाहेरच्या चिखलात माणसे चिंबोऱ्या धरायला उतरलेली असत. म्हणून फळी हातात घेण्याआधी अंबाजी बांधावर चढत, तोंडाशी हात धरत आणि लांबलचक हाळी देत. चिखलातून कोणीतरी 'ओ' देई. ती ओ कानावर पडल्यावाचून त्यांनी फळीला कधी हात लावला नाही. लहानपणी कृष्णाबाई बापाच्या शेजारी बसून ती ओ ऐकत असत.

सहावा भाग संपला, तेव्हा घरातली सगळी माणसे समोर होती. कृष्णाबाई ताडकन म्हणाल्या, "भावावर दार लावलंन, ते लावलंन. पन एक हाळी दिली असती तर काय जीभ झडली असती तिची?"

थोरला मुलगा अल्पेश याने उठून दूरचित्रवाणी बंद केली. त्याची बायको अमिषा उठून आत गेली. धाकटा हितेश आणि त्याची बायको प्रणाली एकमेकांकडे पाहू लागली. कृष्णाबाईंना काही उमगेना.

झाले होते ते असे. वर्षभरापूर्वी दोघा भावांनी घर वाटून घेतले; कृष्णाबाई थोरल्याकडे राहिल्या. थोरल्याचे ट्रक आहेत, धाकटा कंपनीत जातो. दोन्ही घरांची पडवी एकच. अल्पेशने एके दिवशी कारागीर आणून त्या पडवीच्या मधोमध सरकती लोखंडी जाळी बसवली. दिवसा ती उघडी असते आणि जेवणे झाली की तो कुलूप घालतो. कुत्री शिरतात, असे कारण त्याने दिले. हितेशला आधी विचारले नव्हते. त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. कृष्णाबाईंनीही नाही.

आता मात्र त्या लीराविषयी बोलल्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या कानाला ती जाळी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी शेजारची भागुबाई वाळत घातलेले बोंबील परतता परतता हसून म्हणाली, "किस्ने, बरा टोला दिलास गो थोरल्याला. गावभर झालंय."

"कसला टोला?"

"भावावर दार लावलंन म्हनं."

"अगो, ते लीराचं! तळावरची लीरा!"

"व्हय व्हय, लीराचंच," भागुबाई डोळा मिचकावत म्हणाली. "आमाला काय कळत न्हाय व्हय?"

कृष्णाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळीबद्दल काही म्हणायचे असते तर त्यांनी जाळीचेच नाव घेतले असते. लीराच्या आडून बोलण्याची त्यांना काय गरज? पोटच्या पोराला बोलायला त्या कधी कोणाला भ्यायल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच लीराविषयी बोलायचे होते.

मालिकेच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक गट होता. प्रणालीनेच त्यांना त्यात घातले होते. तेथे रोज पुण्याची, नाशकाची, कुठकुठची मुले तावातावाने भांडत. कृष्णाबाईंनी धीर केला आणि बोलून संदेश पाठवला. उघाडी म्हणजे काय, फळी केव्हा टाकतात, हाळी आणि ओ यांचा नियम काय, हे सारे त्यांनी नीट समजावून सांगितले. लीरा चुकली की नाही, याचे उत्तर द्या, असे शेवटी बजावले.

उत्तरे आली. 'आजी, किती गोड!' 'आजी रॉक्स!' कोणी लाल बदाम पाठवले, कोणी हात जोडले. एकानेही वाद घातला नाही. खाली लगेच त्यांचे आपसातले भांडण पुन्हा सुरू झाले, जणू मध्ये मांजर आडवे गेले होते. गोड म्हणायला त्या काय जिलबी होत्या? कृष्णाबाईंनी मोबाइल उशाखाली खुपसला.

खरा वाद घालणारे माणूस एकच होते, आणि ते म्हणजे प्रणाली. तळावरचा यंत्रमानव खोटे बोलू शकतो की नाही, यावर दोघी भाकऱ्या थापता थापता भांडल्या होत्या आणि तव्यावरची भाकरी जळाली होती. पण त्या रविवारनंतर धाकट्याच्या घरचे मालिका पाहायला इकडे येईनासे झाले. हितेश एकदा हळूच येऊन म्हणाला, "आये, आमच्यासाठी दादाला बोलू नको. मना जाळीचं काय वाटत न्हाय."

"पोरा, मी जाळीचं बोललेच न्हाय!"

"बरं, न्हाय बोललीस," हितेश समजूत काढल्यासारखा म्हणाला. ते ऐकून त्या अधिकच चिडल्या.

मालिका संपायला एकच भाग उरला होता. कृष्णाबाईंचे मागणे फार नव्हते. शेवटचा भाग संपावा, समोर प्रणाली असावी आणि तिने तोंडावर सांगावे, आई, तुमचे चुकते आहे, किंवा आई, तुमचे बरोबर आहे. त्यांनी तसा निरोपही धाडला. प्रणालीने कळवले, "आम्ही इकडेच मोबाइलवर बघतो, आई. उगाच घरात ताप नको."

अखेर तो रविवार आला. अल्पेश आणि अमिषा ओठ आवळून बसली होती. पडद्यावर लीराला सर्वांनी पुन्हा प्रमुख निवडले. टोरनच्या नावाचा दगड उभारला. लीरा दगडापाशी रडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मालिका संपली. हाळीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

"झालं?" कृष्णाबाई उसळल्या. "एवढंच? कुनी इचारलं न्हाय तिला, की बाई, हाळी का न्हाय दिलीस?"

अमिषाने आत जाऊन भांडी आपटायला सुरुवात केली. अल्पेश उठला. त्याने खुंटीवरचे कुलूप घेतले, पडवीत जाऊन तोंडाशी हात धरले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ए हितेऽश! जाळी लावतोय रेऽ! कुनी बाहेर ऱ्हायलंय काऽय?"

पलीकडून गोंधळलेला आवाज आला, "ओ! काय झालं, दादा?"

"काय न्हाय. आयेला हाळी पायजे होती, ती दिली." मग तो आईकडे वळला. "झालं समाधान? आता रोज देत जाईन."

त्याचा चेहरा रडवेला झाला होता. दुसरी एखादी आई पाघळली असती. कृष्णाबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला.

"अरे मेल्या, तुझ्या जाळीला घाल चुलीत! मी लीराचं बोलतेय! आजपातुर लीराचंच बोलतेय! या घरात एका मानसाला तरी लीराचं कळतं का?"

मग जाळीपलीकडे प्रणाली येऊन उभी राहिली. "आई, म्हंजे खरंच लीराचं?"

"मग कुनाचं?"

"अहो, पन मग तुमचं साफ चुकतंय! हाळी देनार कशी ती? टोरनच्या डोक्यावर काचेचा टोप. बाहेरचा आवाज आत जात न्हाय."

"कानात बोलायचं यंत्र असतंय ना सगळ्यांच्या?" कृष्णाबाई जाळीशी गेल्या. "त्यात द्यायची हाळी!"

"यंत्र टोरननंच काढून ठेवलेलं. बहिनीशी भांडून. चौथ्या भागात दाखवलंय."

कृष्णाबाई आठवू लागल्या. चौथ्या भागाच्या रविवारी थळ गावी भाचीची हळद होती. हळदीला न जाणे त्यांच्या लोकांत कोणी खपवून घेत नाही. एका भागात असे काय घडणार, म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता.

"यंत्र त्यानंच काढलं?"

"टेबलावर फेकलंन. 'मला तुझा आवाज ऐकायचा न्हाय' म्हनाला."

"मग हे पहिल्याच दिशी का न्हाय सांगितलंस गो?"

"मला वाटलं, तुम्ही घरचं बोलताय."

कृष्णाबाईंनी संतापाने जाळीवर थाप मारली. इतके दिवस त्या एका चुकीच्या मताला छातीशी धरून गावाशी भांडत होत्या, पुण्या-नाशकाच्या पोरांना समजावत होत्या, आणि जिला ठाऊक होते ती घरातली शांतता सांभाळत बसली होती.

"आन तो मोबाइल," त्या म्हणाल्या. "चौथा भाग लाव. माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर मी मानायची न्हाय. त्यानं यंत्र काढलं तरी हिनं मानूस धाडायला पायजे होतं."

"उधानात मानूस धाडायचं? तोपन मेला असता!"

"उधानाआधी, गो! उधानाआधी!"

प्रणाली उघड्या जाळीतून इकडे आली आणि पडवीच्या पायरीवर बसली. कृष्णाबाई दुखरे गुडघे दाबत तिच्या शेजारी टेकल्या. अल्पेश हातात कुलूप घेऊन ताटकळत उभा होता.

"आये, मग लावू का न्हाय?"

"थांब रे जरा," कृष्णाबाई मोबाइलवरची नजर न काढता खेकसल्या. "मधी मधी बोलू नको. ऐकू येत न्हाय."