न उघडलेले फोटो

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, शाळेतल्या बायांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ रेटत नाही.

मी आखाडा बाळापूरजवळच्या एका शाळेत सहावीला शिकवते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याच गळ्यात पडला. वैताग असतो हो नुसता. सकाळी उठलं की गुलाबाची फुलं, देवाचे फोटो, कुणाची म्हैस विकायची आहे, कुणाच्या पोराची सायकल हरवली. त्यात अभ्यास शोधायचा. त्यात तालुक्याच्या शिक्षण साहेबांचा हुकूम — पालकांना ग्रुपवर आणा. आणायचं कुठून? धनगरवस्तीवरचे लोक तर पोरीच्या हातात फोन द्यायलाच तयार नव्हते.

मारोतीभाऊ त्यातलेच. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन वाशीमकडं निघतात, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. त्यांची पोरगी कोमल सोबत जाते. म्हणजे शाळा बुडालीच. मीच वस्तीवर गेले, समजावत बसले. फोननं पोरगी बिघडते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, भाऊ, ती रोज गणितं करून फोटो पाठवील, मी रोज तपासीन. त्यांनी दोन घटका विचार केला आणि पोरीला फोन दिला. त्यांचा भरवसा फोनवर नव्हताच, माझ्या शब्दावर होता — हे मला तेव्हाच कळायला नको होतं का?

कोमल पाठवायची. रेंज मिळेल तिथून, रोज. अपूर्णांकांची बेरीज. आणि मी — कसं सांगू — मी फोटो उघडतच नव्हते. भाजी फोडणीला टाकता टाकता फोटोखाली शाबासकीचा अंगठा दाबायचा, झालं. एक फोटो उघडला असता तरी दिसलं असतं की पोरगी वरचे आकडे वर मिळवते, खालचे खाली. सगळा हिवाळा ती तेच करत राहिली, आणि सगळा हिवाळा मी तिला बरोबर म्हणत राहिले.

मेंढरं परतली. परीक्षेआधी मारोतीभाऊ तिला घेऊन शाळेत आले, पोरगी काय शिकली ते बघायला. मी फळ्यावर बेरीज लिहिली. ती धीटपणे उठली, भराभर सोडवली, चुकली. मी फुली मारून दुसरी दिली, तीही चुकली. तिचा चेहरा उतरला. बाप फळ्याकडं बघत म्हणाला, "मोबाईलवरचं शिकणं असलंच असतंय. बराबर का न्हाई, मॅडम?"

मी तपासलं नाही, एवढंच बोलायचं होतं. हेडमास्तर दारात उभे होते. मी म्हणाले, "बराबर हाय, भाऊ."

पुढच्या दिवाळीनंतर कोमल फोनशिवाय गेली, ती परत शाळेत आलीच नाही. मारोतीभाऊंचं बघून वस्तीवरच्या ज्यांनी पोरींना फोन दिले होते, त्यांनीही ते काढून घेतले. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, पालक मोबाईलवरचं शिक्षण का स्वीकारत नाहीत? तर मी उठून बोलले — अडाणीपणा, रेंज, पोरींबद्दलची भीती. काय तोंड म्हणायचं माझं?

परवा बाळापूरच्या बाजारात कोमल भेटली. लाजून हसली. मी विचारलं, शाळा काहून सोडली गं?

"रोज तर करीत व्हते, मॅडम," ती म्हणाली, "पण मला डोस्कंच न्हाई."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कांदे घेऊन घरी आले.