मामांच्या घरची शिरगणती

इंदुरातली मिल बंद होऊन काही वर्षं झाली होती. मी सरकारी शाळेत शिकवत होते, त्यामुळे जनगणनेचं काम अंगावर आलंच. माझ्या वाट्याला मिलमजुरांची एक चाळ आली आणि तुकोगंजसारख्या सुखवस्तू भागातली एक गल्ली. त्या गल्लीत माझे सख्खे मामा राहत.

चाळीत एका विणकराच्या बायकोने मला दारातच थांबवलं. कुटुंब उत्तरेकडून आलेलं, पण जन्म गेला इंदुरात. घरात किती जण, विचारलं तर म्हणाली, "पाँच. दो लड़के सूरत में, लूम पर."

"कबसे?"

"दो साल."

मग ते इथे लिहिता येणार नाहीत, असं मी सांगितल्यावर ती भडकली. "मिल बंद हुई तब कोई गिनने नहीं आया. अब आई हो मेरे बच्चे काटने!"

तिने तोंडावर दार लावलं. नियम मी केलेला नव्हता, तरी मान खाली गेली.

तिथून मामांकडे गेले. सोफ्यावर टेकले नाही तोच ते सुरू झाले. "चाळीत जाऊन आलीस ना? देश मागे राहिला तो या भीडमुळे, या गर्दीमुळे. कितीही कारखाने काढा, बाहेरून येणारी ही जनता सगळं फस्त करते. बरं, लिही. मी, तुझी मामी आणि आमचा इंजिनियर."

इंजिनियर म्हणजे त्यांचा मुलगा; तो चार वर्षांपासून अमेरिकेत होता.

"तो इथे राहत नाही, मामा."

"म्हणून काय झालं? तिकडे देशाचं नाव काढतोय तो!"

माझं डोकं सणकलं. "आणि सुरतेत कापड विणणारे कोणाचं नाव काढतात? आजोबा साताऱ्याहून इथे मिलमध्ये कारकुनीला आले, तेव्हा ते कोण होते? भीडच ना?"

"वडिलांना त्या लोकांच्या रांगेत बसवतेस?"

"ते त्याच मिलमध्ये बसायचे."

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तशाच आत वळल्या. मी दोनच नावं लिहिली, सहीसाठी कागद पुढे केला. मामांनी सही केली आणि पेन माझ्याकडे फेकलं.

पुढच्या वर्षी त्या मुलाचं लग्न इंदुरातच झालं. पत्रिका फक्त माझ्या आईच्या नावाने आली. आई म्हणाली, "माफी माग, विषय संपव."

मी मागितली नाही. आई एकटीच गेली आणि परत आल्यावर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.