समोरचे मांजरवाले

बोईसरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पर्शियन मांजरांची पैदास करणारे एक गृहस्थ राहतात. मांजरांशी ते अहो-जाहोने बोलतात, बायकोवर मात्र खेकसतात. पिल्लू विकत घ्यायला कोणी आलं की आधी त्याला हात धुवायला लावतात आणि मग ऐकवतात, "आमच्याकडे धंदा नाही, माया आहे."

मध्यंतरी त्यांची म्हातारी मांजरी दिसेनाशी झाली. तिला आता पिल्लं होत नव्हती.

"सातपाटीला सोडून आलो," ते कौतुकाने म्हणाले. "मासळी भरपूर. मजेत राहील."

त्यांच्याकडे रोज मासे टाकणारी बाई सातपाटीचीच. एका सकाळी ती मांजरीला पाटीत घालून त्यांच्या दारात आली. मी माझ्या दारात उभा होतो.

"शेट, तुमचीच ना ही? बंदरावर कुत्र्यांनी घेरलेली. मासा पन तोंडात घेत नाय."

"आमची नव्हे," ते म्हणाले. तोवर मांजरी पाटीतून उतरून त्यांच्या पायाला अंग घासू लागली होती.

बाईने तिला उचलून छातीशी धरलं. "चल बाय, माज्या घरी."

दार लावता लावता त्यांनी बाईला बजावलं, "उद्या सुरमई ताजी आण. पिल्लांना शिळं सोसत नाही."